केट ब्लँचेटचं डाउनग्रेड

२२ जानेवारी २००८. त्या वर्षीच्या ऑस्करची नामांकनं जाहीर झाली आणि केट ब्लँचेटचं नाव दोनदा आलं. 'एलिझाबेथ: द गोल्डन एज'साठी प्रमुख अभिनेत्री आणि 'आय अॅम नॉट देअर'साठी सहाय्यक अभिनेत्री. एकाच वर्षात, दोन वेगवेगळ्या सिनेमांसाठी. एकात इंग्लंडची राणी आणि दुसऱ्यात चक्क बॉब डिलन! वय ३८. 'द एव्हिएटर'चं एक ऑस्कर आधीच घरात. ज्याला आपण करिअरचा पीक म्हणतो ना, तो हाच.

आणि त्याच महिन्यात बाईंनी एक नवीन नोकरी धरली होती. नोकरीच म्हणतो मी. सिडनीत, एका नाटक कंपनीत. तीही एकटीला नाही, नवऱ्याबरोबर निम्मी-निम्मी वाटून घेतलेली. सिडनी थिएटर कंपनीचे संयुक्त आर्टिस्टिक डायरेक्टर: केट ब्लँचेट आणि अँड्र्यू अप्टन.

आमच्या धंद्याच्या भाषेत याला सरळ डाउनग्रेड म्हणतात. समजा, तुमचा एखादा मित्र कॅलिफोर्नियात कंपनीच्या सगळ्यात गाजलेल्या प्रॉडक्टवर आहे, दोन प्रमोशन्स रांगेत उभी आहेत, आणि तो एक दिवस म्हणतो, "मी परत चाललोय. आपल्या जुन्या ऑफिसातली ती छोटी टीम आहे ना, ती चालवणार." तुम्ही काय म्हणाल? आधी विचाराल, "घरी सगळं ठीक आहे ना रे?" मग पाठीमागे दुसऱ्याला म्हणाल, "गेला कामातून."

ब्लँचेटच्या त्या निर्णयाबद्दल लोक बोलतात तेव्हा साधारण दोन तऱ्हेची स्पष्टीकरणं ऐकू येतात. पहिलं, मुलांसाठी केलं. (दोन मुलगे होते, तिसरा एप्रिल २००८ मध्ये झाला.) दुसरं, श्रीमंतांचे चोचले, पैसा झाला, नाव झालं, आता थोडी कलेची सेवा. मला ही दोन्ही पटत नाहीत. माझं मत असं की त्या बाईने घेतलेला तो सगळ्यात व्यवहारी, सगळ्यात हिशेबी करिअर निर्णय होता. आता हे मत मांडायला जरा मागे जावं लागेल.

ब्लँचेट मेलबर्नची. जन्म १९६९ चा. वडील मूळचे टेक्सासचे, अमेरिकन नौदलात होते, नंतर जाहिरात क्षेत्रात. ती दहा वर्षांची असताना हार्ट अॅटॅकने गेले. मेलबर्न युनिव्हर्सिटीत अर्थशास्त्र आणि ललितकला असं अजब कॉम्बिनेशन घेऊन ती शिकत होती, ते अर्धवट सोडलं, फिरायला निघाली, आणि परत आल्यावर सिडनीच्या 'नायडा'त म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये दाखल झाली. १९९२ ला तिथून बाहेर पडली.

त्या सुमाराची एक गोष्ट मला फार आवडते. सोफोक्लिसच्या 'इलेक्ट्रा'च्या तालमी चालू होत्या. ब्लँचेटला आईचं म्हणजे क्लायटेम्नेस्ट्राचं काम होतं. तालमी सुरू होऊन काही दिवस झाले आणि इलेक्ट्रा करणाऱ्या मुलीने काम सोडलं. दिग्दर्शिका लिंडी डेव्हिसने ब्लँचेटला उचलून इलेक्ट्राच्या जागी उभं केलं. आईची मुलगी झाली! ज्याने कधी दुसऱ्याचं मॉड्यूल डेडलाइनच्या तोंडावर ताब्यात घेतलंय त्याला या गोष्टीतली भीती आणि मजा दोन्ही कळेल.

१९९३ मध्ये सिडनी थिएटर कंपनीतच डेव्हिड मॅमेटचं 'ओलिआना' केलं, समोर जेफ्री रश. प्राध्यापकावर आरोप करणारी विद्यार्थिनी. त्या वर्षी सिडनीच्या नाट्यसमीक्षकांनी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्री आणि (दुसऱ्या एका नाटकासाठी) सर्वोत्कृष्ट नवोदित अशी दोन्ही बक्षिसं दिली. असं एकाच वर्षात आधी कोणाचं झालं नव्हतं. पुढच्या वर्षी 'हॅम्लेट'मध्ये ऑफिलिया. म्हणजे सिनेमाचा कॅमेरा तिच्याकडे वळायच्या आधी तीन-चार वर्षं बाई रोज संध्याकाळी जिवंत माणसांसमोर उभी राहत होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सिनेमा १९९७ ला आला. 'पॅराडाइज रोड', मग गिलियन आर्मस्ट्राँगचा 'ऑस्कर अँड ल्युसिंडा'. आणि इथे कथेत आपला माणूस येतो. शेखर कपूर. 'मासूम', 'मिस्टर इंडिया' आणि 'बँडिट क्वीन'चा दिग्दर्शक इंग्लंडच्या राणीवर सिनेमा करायला निघाला होता, आणि राणी म्हणून त्याने उचलली एक ऑस्ट्रेलियन मुलगी, जिचं नाव बाहेरच्या जगात फारसं कोणी ऐकलं नव्हतं. इंग्रजांच्या सगळ्यात लाडक्या राणीचा सिनेमा, दिग्दर्शक भारतीय, राणी ऑस्ट्रेलियन. दोन्ही जुन्या वसाहतींनी मिळून घातलेला हा घाट होता म्हणा ना! 'एलिझाबेथ' १९९८ ला आला आणि ब्लँचेट एका सिनेमात जगभर झाली. ऑस्कर मात्र 'शेक्सपिअर इन लव्ह'साठी ग्वेनेथ पॅल्ट्रोला गेलं. गंमत म्हणजे त्याच सिनेमात हीच राणी एलिझाबेथ झालेल्या जुडी डेंचला सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, आणि ती पडद्यावर होती जेमतेम आठ मिनिटं. असो.

पुढची दहा वर्षं मी पटापट सांगतो कारण ती सगळ्यांनी पाहिलेली आहेत. 'द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली', 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली गॅलाड्रिएल, 'व्हेरॉनिका गेरिन', 'द एव्हिएटर'मधली कॅथरिन हेपबर्न, 'नोट्स ऑन अ स्कँडल', 'बेबेल'. यादी जबरदस्त आहे. पण एक सांगू? त्यातलं सगळंच मला आवडत नाही. 'एव्हिएटर'मधली तिची हेपबर्न अफाट आहे, पण थोडी नकलेकडे झुकते. 'गोल्डन एज' हा पहिल्या 'एलिझाबेथ'समोर फिका सिनेमा आहे. घोड्यावर चिलखत घालून ती भाषण करते तेव्हा मला पोस्टर हलतंय असं वाटतं. आणि २००८ च्या इंडियाना जोन्समधल्या त्या काळ्या बॉबकटवाल्या रशियन बाईबद्दल न बोललेलंच बरं. :-)

म्हणजे पीकवर असताना धोका काय होता हेही दिसतंच होतं. राणी, जादूची राणी, हॉलिवूडची राणी. जे चांगलं येतं तेच पुन्हा पुन्हा मागितलं जाणार. आपल्याकडे नाही का, एखाद्याने एकदा पेमेंट गेटवे नीट लावला की पुढची सहा वर्षं प्रत्येक प्रोजेक्टवर त्याला पेमेंट गेटवेच लावायला बसवतात. वर त्याला 'एक्स्पर्ट' म्हणतात, म्हणजे तक्रार करायचीही सोय नाही.

आता नोकरीकडे येऊ. सिडनी थिएटर कंपनी १९७८ ला सुरू झालेली, न्यू साउथ वेल्स राज्याची प्रमुख नाटक कंपनी. १९८४ पासून तिचं घर सिडनी बंदरातल्या वॉल्श बे भागात, जुन्या मालधक्क्यावरच्या गोदामात. तिथल्या मुख्य रंगमंचासमोर तेव्हा साधारण तीनेकशे खुर्च्या होत्या. जवळच्या मोठ्या थिएटरात जेमतेम नऊशे. तिच्या आधी ही गादी रॉबिन नेव्हिन सांभाळत होत्या, ज्यांनी २००४ मध्ये तिला 'हेडा गॅब्लर' करायला लावलं होतं. ब्लँचेटने तिथे दिग्दर्शन केलेली नाटकं तोवर दोनच आणि तीही छोटी. त्यामुळे नेमणुकीवर कुरकूर झाली आणि ती जाहीरपणे झाली. सिनेतारका आणि तिचा नवरा, यांना कंपनी चालवायचा अनुभव काय? प्रश्न रास्त होता.

आणि काम तरी काय? वर्षाचा सीझन ठरवायचा. कोणती नाटकं, कोणाला दिग्दर्शनाला बोलवायचं, कोणाला नाही म्हणायचं. वर्गणीदार टिकवायचे, देणगीदार शोधायचे, बजेट बसवायचं. गोदामाच्या छपरावर सोलर पॅनल बसवायचा प्रकल्प त्यांनी रेटला, तेही त्याच काळात. म्हणजे रेड कार्पेटवरून थेट छताच्या गळतीपर्यंत. यात ग्लॅमर किती ते तुम्हीच सांगा.

पण मला जो मुद्दा मांडायचाय तो वेगळा आहे. मॅनेजर झाल्यावर तिने काम करणं थांबवलं नाही.

यादीच पाहा. जानेवारी २००९ मध्ये 'वॉर ऑफ द रोझेस', शेक्सपिअरची ऐतिहासिक नाटकं कापून-जोडून केलेला अनेक तासांचा प्रयोग, त्यात ती दुसरा रिचर्ड, म्हणजे राजा. त्याच वर्षी 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर', दिग्दर्शन लिव्ह उलमान. २०१० ला चेकॉव्हचं 'अंकल वान्या', हंगेरियन दिग्दर्शक तमाश आशर. २०११ ला बोथो स्ट्राउसचं 'ग्रोस उंड क्लाइन', ज्यात ती जवळजवळ पूर्ण वेळ रंगमंचावर. २०१३ ला जां जनेचं 'द मेड्स', समोर इझाबेल युपेर. दर वर्षी एक तरी मोठी, अंग मोडणारी भूमिका. म्हणजे सकाळी बजेटची मीटिंग, संध्याकाळी ब्लांश दुब्वा.

आपल्याकडे उलटं असतं. जो चांगला कोड लिहितो त्याला बक्षीस म्हणून कोड लिहिण्यापासून सोडवतात. दोन वर्षांत तो एक्सेल भरायला लागतो, चौथ्या वर्षी तो आर्किटेक्चरच्या मीटिंगमध्ये मत देतो आणि पोरं टेबलाखाली एकमेकांना मेसेज करतात. मी हे दहा वेळा पाहिलंय. चांगली माणसं, खरोखर चांगली, अशी वाया गेलेली पाहिली आहेत.

सिनेमा आणि नाटक यांत फरक काय, याचा मी बराच विचार केला आणि मला आमच्याच भाषेत उत्तर सापडलं. सिनेमा म्हणजे रिलीज. एकदा सीडी कापली की काम संपलं. शॉट बिघडला तर पुन्हा घ्या, एडिटर आहे, पार्श्वसंगीत आहे. नाटक म्हणजे लाइव्ह सर्व्हिस. रोज रात्री आठ वाजता ती चालू झालीच पाहिजे, लोड वेगळा, युजर वेगळे, आणि काही फुटलं तर सगळ्यांसमोर फुटणार. २००९ मध्ये सिडनीत 'स्ट्रीटकार'च्या एका प्रयोगात स्टॅन्ली रेडिओ फेकतो त्या प्रसंगात जोएल एजर्टनने फेकलेला रेडिओ थेट तिच्या डोक्याला लागला. रक्त आलं, प्रयोग थांबवून प्रेक्षकांना घरी पाठवावं लागलं. ती नंतर पुन्हा त्याच प्रसंगात उभी राहिली, कारण पुढचे प्रयोग होतेच. अशी सर्व्हिस चालवणाऱ्या माणसाला एक गोष्ट कळते जी फक्त रिलीज करणाऱ्याला कधीच कळत नाही: तीच गोष्ट चाळीसाव्या वेळी करताना ती ताजी कशी ठेवायची.

याचा पुरावा? 'ब्लू जास्मिन'.

'स्ट्रीटकार'ची ब्लांश आठवा. जमीनजुमला गेलेली, इभ्रत गेलेली दक्षिणेतली बाई न्यू ऑर्लिन्सला बहिणीच्या दोन खोल्यांत येऊन पडते आणि तिथेही जुन्या थाटातच वावरते. आता वुडी अॅलनचा २०१३ चा सिनेमा. न्यूयॉर्कच्या श्रीमंत वर्तुळातली जास्मिन, नवरा आर्थिक घोटाळ्यात गेलेला, सॅन फ्रान्सिस्कोला बहिणीच्या साध्या घरात येऊन पडते आणि तिथेही जुन्या थाटातच वावरते. ब्लांशचीच धाकटी बहीण म्हणा. ब्लँचेटने ही घसरण सिडनी, वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क अशा तीन शहरांत रोज रात्री करून पाहिली होती. ती कुठल्या पायरीवर पाय सटकतो, कुठे माणूस अजून स्वतःला फसवू शकतो आणि कुठे नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं.

आणि तरी जास्मिन ही ब्लांशची कॉपी नाही. ब्लांशला निदान स्वप्नांचा आसरा आहे, जास्मिनकडे फक्त गोळ्या, व्होडका आणि एक महागडं जाकीट. शेवटच्या दृश्यात ती बाकावर बसून स्वतःशी बडबडते, केस ओले, मेकअप उतरलेला, आणि शेजारची बाई उठून निघून जाते. तिथे मला पहिल्यांदा वाटलं की पडद्यावरची राणी संपली आणि माणूस दिसला. 'गोल्डन एज'ची ब्लँचेट हे करू शकली नसती असं माझं ठाम मत आहे. २०१४ मध्ये त्या कामासाठी प्रमुख अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं तेव्हा तिने भाषणात सिडनी थिएटर कंपनीचं ऋण मानलं. ते शिष्टाचाराचं बोलणं नव्हतं. हिशेब चुकता केल्यासारखं होतं.

आता आक्षेप. मलाच दोन सुचतात, तुम्हाला आणखी सुचतील.

पहिला: तिला परवडत होतं. बरोबर आहे, शंभर टक्के. ऑस्कर खिशात, घर स्वतःचं, नवरा त्याच धंद्यात आणि नोकरीत भागीदार. शिवाय सिनेमा तिने पूर्ण सोडलाच नव्हता. 'रॉबिन हूड' आणि 'हॅना' याच काळातले. होम लोनचा हप्ता भरणाऱ्या माणसाला "मनाचं ऐका" म्हणणं हा आगाऊपणा आहे आणि मी तो करणार नाही. पण हेही पाहा, की परवडत असूनही किती जण असं करतात? आमच्या बिल्डिंगमध्ये लोन फिटलेली माणसं आहेत, दुसरं घर घेतलेली आहेत, आणि तरी "अजून दोन वर्षं" चालूच आहे. परवडणं ही अट आहे, कारण नव्हे.

दुसरा: एका उदाहरणावरून नियम काढता येत नाही. हेही मान्य. म्हणून आणखी दोन ऑस्ट्रेलियन बाया घ्या. जुडी डेव्हिस, नायडाचीच, १९७९ च्या 'माय ब्रिलियंट करिअर'ने एकदम वर आलेली. डेव्हिड लीनच्या १९८४ च्या 'अ पॅसेज टू इंडिया'साठी ऑस्करचं नामांकन. लीनशी सेटवर तिचे खटके उडाल्याचे किस्से प्रसिद्ध आहेत. हॉलिवूडने हात पुढे केला, पण तिने सिडनी काही सोडलं नाही. 'स्टार' झाली नाही, पण तिचं काम पाहिलेला माणूस तिला विसरत नाही. आणि दुसरी जॅकी वीव्हर. साठच्या दशकापासून रंगमंचावर, ऑस्ट्रेलियात घराघरात माहीत, बाहेर कोणी ओळखत नाही. २०१० ला 'अॅनिमल किंगडम' आला, त्यात गुन्हेगार पोरांची ती गोडगोड बोलणारी आई, आणि वयाच्या ६३ व्या वर्षी ऑस्करचं पहिलं नामांकन. दोनच वर्षांनी 'सिल्व्हर लायनिंग्ज प्लेबुक'साठी दुसरं. आता गंमत ऐका. त्या पहिल्या नामांकनाच्या दोनेक महिने आधी ही वीव्हर कुठे होती? सिडनीत, ब्लँचेटच्या कंपनीत, 'अंकल वान्या'मध्ये म्हाताऱ्या दाईच्या छोट्या कामात.

म्हणजे नियम "परत जा, ऑस्कर मिळेल" असा नाहीच. डेव्हिसला कधी मिळालं नाही. वीव्हरला चाळीसेक वर्षं बाहेरच्या जगाने विचारलंही नाही. तिघींत समान एवढंच, की कारागिरीची जागा त्यांनी हातातून सुटू दिली नाही. बाकीचं नशीब, वय, योगायोग. नशिबावर आपला ताबा नाही, पण जागा न सोडणं बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं.

हे सगळं मी आत्ताच का लिहितोय? कारण मलाही विचारणा झालीय. डिलिव्हरी मॅनेजर, पस्तीस माणसं, पगार चांगला वाढेल. बायको म्हणते घे. आई म्हणते, "नाही कशाला म्हणतोस, लोक वाट पाहतात." दोघींचं बरोबर आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही, पण एक गोष्ट ठरवलीय. बॉसला पगार विचारण्याआधी विचारणार आहे, की आठवड्यातले किती तास मला कोडमध्ये हात घालता येईल, आणि ते ऑफर लेटरमध्ये लिहून देणार का. तो हसला तर उत्तर मला कळलं. ब्लँचेटने कंपनी घेतली पण रंगमंच सोडला नाही. तो सोडण्याची अट असती तर तिने ही नोकरी घेतली असती का, याबद्दल मला दाट शंका आहे.

पुढचं थोडक्यात. संयुक्त कारभार सुमारे पाच वर्षांनी संपला, अप्टन २०१५ पर्यंत राहिला. ब्रॉडवेवर ती पहिल्यांदा उतरली ती २०१६ च्या डिसेंबरात, चेकॉव्हवर बेतलेलं 'द प्रेझेंट' घेऊन. रूपांतर अप्टनचं, नाटक मूळ सिडनीच्या त्याच कंपनीचं. टोनीचं नामांकन मिळालं. २०२२ च्या 'टार'मध्ये ती ऑर्केस्ट्राची कंडक्टर झाली आणि त्यासाठी खऱ्याखुऱ्या ड्रेस्डेन फिलहार्मोनिकसमोर उभी राहून हात चालवायला शिकली. ५५ व्या वर्षी, २०२५ मध्ये, लंडनच्या बार्बिकनला 'द सीगल'मध्ये आर्काडिना, म्हणजे म्हातारपण न मानणारी नटी, करत होती. अजूनही रात्री आठ वाजता सर्व्हिस चालू.

तिचं काम पाहिलं नसेल तर या वीकेंडला सुरुवात 'एलिझाबेथ'पासून करा आणि लगेच दुसऱ्या दिवशी 'ब्लू जास्मिन' पाहा, मधलं काही न बघता. मध्ये पंधरा वर्षं आहेत. त्या पंधरा वर्षांत काय झालं ते पडद्यावर दिसतं का, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला दिसतं.